बाळाला काहीच झालेलं नाही, मग सुई का?

धाकट्याचा 14 आठवड्यांचा लशीचा डोस आणि मोठीचा बूस्टर जवळजवळच येत होते म्हणून आम्ही दोघांना एकाच दिवशी नेलं, आजीपण सोबत होती. नंबर यायला वेळ होता. धाकटा माझ्या मांडीवर झोपलेला, पाय उघडे, आणि मोठी बराच वेळ त्याच्याकडे नुसती बघत बसली होती, मग हळूच म्हणाली, "आई, याला काय झालंय?" काही नाही गं, बरा आहे की तो. "मग याला सुई का?"

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं आणि उत्तर अर्धवटच राहिलं. पण मोठी माणसंसुद्धा हेच विचारत असतात ना, फक्त वेगळ्या शब्दांत. इतक्या लहान जिवाला कशाला, इतक्या वेळा कशाला, एकदम तीन-तीन कशाला, जरा मोठं झाल्यावर दिलं तर नाही का चालणार. तर लसीकरणाच्या कार्डावरच्या त्या तारखा येतात कुठून हे मला नीट सांगायचंय, कारण एकदा ते कळलं की "पुढच्या महिन्यात बघू" हे आपल्या तोंडून निघतच नाही.

आधी शरीरात काय होतं ते. लस म्हणजे रंगीत तालीम असं मी मोठीला सांगितलं होतं आणि मला अजूनही तेच बरोबर वाटतं. खरा जंतू अंगात शिरला की शरीराला त्याची ओळख पटायला, त्याला नेमकं पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवायला एक-दोन आठवडे लागतात, आणि जंतू काही तेवढं थांबत नाही. लशीत त्याच जंतूचा मेलेला किंवा अगदी कमजोर केलेला प्रकार असतो, किंवा त्याचा नुसता एखादा तुकडा असतो. शरीर त्याच्यावर सगळी तयारी करून बघतं आणि काम झालं की काही पेशी मागे ठेवतं ज्यांना तो चेहरा लक्षात राहतो, स्मृतीपेशी म्हणतात त्यांना. पुढे खरा जंतू आला की दोन आठवड्यांचं काम काही दिवसांत होतं आणि आजार बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही.

मग एकाच डोसात का भागत नाही? कारण मेलेल्या जंतूच्या किंवा तुकड्याच्या लशीने पहिल्या वेळी फक्त तोंडओळख होते. त्यानंतरचे काही आठवडे शरीर आतल्या आत त्या पेशींची निवड करत असतं, ज्यांची पकड जास्त घट्ट त्या ठेवायच्या, बाकीच्या सोडायच्या, आणि हे चालू असताना घाईने दुसरा डोस दिला तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणूनच लहान बाळाच्या पहिल्या डोसांमध्ये निदान 4 आठवड्यांचं अंतर ठेवतात. पुढचे बूस्टर म्हणजे पुसट होत चाललेली आठवण परत गडद करणं. गोवराची लस मात्र जिवंत पण कमजोर व्हायरसची असते, तो अंगात थोडा वाढतो आणि एका डोसातच बहुतेक मुलांचं काम होतं, दुसरा डोस असतो तो मुख्यतः पहिल्याने ज्यांचं जमलं नाही त्यांच्यासाठी.

आता तारखा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. बाळ जन्माला येतं तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या अँटीबॉडी वारेतून त्याच्याकडे जातात. पण ती उसनवारी असते. साधारण दर तीन-चार आठवड्यांनी त्या निम्म्या होत जातात आणि बाळ स्वतः काही त्या नव्या बनवत नाही. तेव्हा एका बाजूला आईची शिदोरी संपत चाललेली, दुसऱ्या बाजूला आजार टपलेला, आणि त्या दोन्हींच्या मधली जी फट आहे त्यात लस बसवायची असते. प्रत्येक आजारासाठी ती फट वेगळी, म्हणून तारखाही वेगळ्या.

गोवराचं बघा. आईच्या गोवराच्या अँटीबॉडी बाळाला बरेच महिने सांभाळतात, पण त्याच अँटीबॉडी लशीतल्या कमजोर व्हायरसलाही लगेच निपटून टाकतात, बाळाचं स्वतःचं शरीर काही शिकायच्या आतच. म्हणजे फार लवकर दिली तर लस वाया, फार उशीर केला तर मधल्या काळात बाळ उघडं. जिथे गोवर अजून खूप फिरतो तिथे 9 महिन्यांनी देतात, जिथे कमी आहे तिथे 12 महिन्यांनंतर, आणि दोन्ही बरोबरच आहे कारण धोक्याचं गणित दोन्ही ठिकाणी वेगळं आहे.

डांग्या खोकल्याचं याच्या अगदी उलटं. मोठ्या माणसाला तो म्हणजे आठवडेच्या आठवडे चालणारा त्रासदायक खोकला, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही, त्याचा श्वासच मध्ये थांबतो, निळं पडतं. या आजारात जे जीव जातात त्यात अगदी तान्ह्या बाळांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. म्हणून ती लस 6 किंवा 8 आठवड्यांपासूनच सुरू करतात आणि त्याच्याही आधीचे दिवस झाकले जावेत म्हणून बऱ्याच देशांत आईला गरोदरपणातच ती देतात, म्हणजे शिदोरी भरूनच मिळते. आणि बाळाला हा खोकला बहुतेक वेळा घरातल्याच कुणाकडून लागतो, दादा, ताई, आजोबा, बाबा. घरातल्या मोठ्यांचे बूस्टर राहिले असतील तर तेही या हिशोबात धरा.

आणि हेपाटायटिस बी ची लस जन्मल्यावर 24 तासांत का? तर जन्मताना या व्हायरसची लागण झाली तर 10 पैकी 9 बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे अनेक वर्षांनी लिव्हर खराब करतो, तोच मोठ्या माणसाला झाला तर 100 पैकी 95 जणांच्या अंगातून तो निघून जातो. तोच व्हायरस, फक्त वय वेगळं. "जरा मोठं होऊ दे मग देऊ" याला याहून स्पष्ट उत्तर मला तरी माहीत नाही.

वेळेच्या आधी जन्मलेल्या बाळांबद्दल घरात हमखास चर्चा होते, इतकं नाजूक आहे, अजून महिनाभर थांबू या. पण त्या बाळाला आईकडून शिदोरीच कमी मिळालेली असते कारण शेवटचे आठवडे त्याला पोटात मिळालेच नाहीत, त्यामुळे त्याला गरज उलट जास्त. त्याचे डोस प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच मोजतात, तब्येत स्थिर असली की. हेपाटायटिस बी ची लस आणि फारच कमी वजन अशा एखाद्या बाबतीत नियम थोडा वेगळा असतो, तो डॉक्टर सांगतात.

एका वेळी इतक्या लशी झेपतील का, हा आजीचा प्रश्न होता आणि तो काळजीपोटीच येतो म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. बाळ पहिल्या श्वासापासून कातडीवर, तोंडात, आतड्यात अगणित नवे जंतू झेलत असतं, जमिनीवरचं खेळणं उचलून चोखतं तेव्हाही, आणि त्या मानाने लशीतला ऐवज अगदी मोजका असतो. पाच किंवा सहा आजारांची एकच सुई निघाली ती टोचणं कमी व्हावं म्हणूनच. एकच नियम लक्षात असू द्या, टोचायच्या दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी द्यायच्या किंवा मग त्यांच्यात 4 आठवडे सोडायचे. त्यामुळे एकेक करून घ्यायच्या नादात तारखा लांबतच जातात, आणि बाळाला तेवढ्याच वेळा जास्त रडावं लागतं.

ऑटिझमचंही इथेच सांगते कारण कुटुंबाच्या ग्रुपवर तो मेसेज वर्षातून एकदा तरी येतोच. 1998 साली अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने फक्त 12 मुलांवरचा एक संशोधनाचा पेपर छापला होता, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध त्याने ऑटिझमशी सुचवला होता. पुढे त्यातली माहितीच खोटी असल्याचं उघड झालं, 2010 मध्ये तो छापणाऱ्या जर्नलने पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. त्यानंतर बरेच मोठे अभ्यास झाले, डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा, त्याचा निष्कर्ष 2019 साली आला, लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त नव्हतं. ऑटिझमची लक्षणं ज्या वयात दिसायला लागतात त्याच वयात ही लस येते, त्यामुळे आईबापाच्या मनात दोन्हींची गाठ पडते, आणि त्यांची ती घालमेल मला कळते.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाबद्दल. आत गेल्यावर आधी सिस्टरने कार्ड बघितलं, मग बाटली. बाटलीवर एक छोटा गोल ठिपका होता आणि त्याच्या आत चौकोन, आतला चौकोन फिका होता. मी विचारलं हे काय, तर त्यांनी बाटली जवळ धरून दाखवली. बहुतेक लशी 2 ते 8 डिग्रीत ठेवाव्या लागतात, कारखान्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत, मध्ये कुठे जास्त उष्णता लागली तर तो चौकोन हळूहळू काळसर होतो आणि बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती बाटली टाकून द्यायची. सगळ्याच बाटल्यांवर हा ठिपका नसतो, पण असेल तर बघायला मागा, कुणी रागावत नाही. आणि फक्त गरमच नाही, काही लशी गोठल्या तरी खराब होतात, हेपाटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस बर्फ झाली की त्यातले कण गुठळ्या धरतात आणि परत वितळवून उपयोग नसतो.

धाकट्याला आडवं झोपवायची गरज नव्हती, मांडीवर उभं धरून, छातीशी घेऊन, फक्त पाय हलकेच धरून ठेवायचा. आडवं करून चारी बाजूंनी दाबून धरलं की बाळ सुईपेक्षा त्या धरण्यालाच जास्त घाबरतं. अंगावर पाजत पाजत टोचलं तर रडणं खरंच कमी होतं, आम्ही तेच केलं. तोंडावाटे द्यायचे गोड थेंब आधी आणि जी सुई जास्त झोंबते ती सगळ्यात शेवटी, हा क्रमही मुद्दाम असतो कारण जास्त दुखणारी आधी दिली तर पुढची प्रत्येक गोष्ट दुखते. मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच टोचतात कारण एवढ्या लहान वयात तिथला स्नायू चांगला भरलेला असतो आणि मोठी नस किंवा रक्तवाहिनी तिथे आड येत नाही, कुल्ल्यावर टोचायचं म्हणूनच टाळतात. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही. दोन सेकंदांचं काम होतं ते, आणि रडणं मिनिटभराचं.

मोठीची गोष्ट वेगळी, तिला सगळं कळतं. मी तिला घरीच सांगून ठेवलं होतं की दुखेल, जोरात चिमटा काढल्यासारखं, आणि मग थांबेल. "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका हो, कारण ते खोटं आहे हे तिला अर्ध्या मिनिटात कळणारच असतं आणि पुढच्या वेळी ती तुमचं काहीच ऐकणार नाही. आणि जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून "थांब, डॉक्टरकाका सुई देतील" ही धमकी कृपा करून बंद करा, घरात कुणीही देत असेल तरी, कारण मग मूल आजारी पडून खरंच तिथे जातं तेव्हा त्याच्या लेखी ती शिक्षेची खोली असते. ती बाबांच्या मांडीवर बसली, समोर बघत लांब फुंकर मारत राहिली, ओरडली एकदा, आणि संपलं.

त्यानंतर लगेच निघायचं नाही. 15 ते 30 मिनिटं तिथेच बसायचं असतं कारण तीव्र ॲलर्जीची रिअॅक्शन आली तर ती बहुतेक त्याच वेळात येते. ती फारच क्वचित, साधारण 10 लाख डोसांत एखादी, पण तिच्यावरचं औषध तिथे तयार असतं आणि वाटेत गाडीत ते नसतं. आम्ही बसलो होतो तेव्हा मोठीला आजीच्या दंडावरचा व्रण दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा, मध्ये खड्डा पडलेला. देवीची लस ती. मोठीने स्वतःचे दोन्ही दंड तपासले आणि विचारलं, मला का नाही? कारण देवी हा रोगच उरला नाही. एडवर्ड जेन्नरने 1796 साली गाईच्या देवीचा स्राव एका मुलाला टोचून पहिल्यांदा हे करून बघितलं आणि 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आजीने मग तिला सांगितलं की तिच्या लहानपणी चेहऱ्यावर वण असलेली माणसं रोज दिसायची.

आणि धाकट्याला सुई का याचं राहिलेलं अर्धं उत्तर मी मोठीला तिथेच दिलं, तिच्या स्वतःच्या सुईवरून. तो अजून इतका लहान आहे की गोवराची लस त्याला देताच येत नाही. गोवर इतका पटकन पसरतो की ज्यांना संरक्षण नाही अशा गावभर माणसांत एक जण सरासरी 12 ते 18 जणांना देतो, आजारी माणूस खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत व्हायरस हवेत राहू शकतो. त्याला अडवायला आजूबाजूच्या 100 पैकी 95 जणांना संरक्षण असावं लागतं. मोठीला गोवर झालाच नाही तर तो तिच्याकडून भावाकडे येणार कुठून? कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं, ज्यांना जिवंत लस घेताच येत नाही, तीपण अशीच दुसऱ्यांच्या लशींवर अवलंबून असतात. धनुर्वात मात्र याला अपवाद, त्याचा जंतू मातीत असतो, माणसाकडून माणसाला जात नाही, तिथे ज्याची लस त्याचंच संरक्षण.

घरी आल्यावरचं. पहिले एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज, झोप जास्त किंवा कमी, हे नेहमीचं. डांग्या खोकल्याच्या लशीचे दोन प्रकार आहेत, ज्याला लोक पेनलेस म्हणतात त्याने ताप कमी येतो पण त्याचं संरक्षण लवकर ओसरतं, जुन्या प्रकाराने ताप जास्त येतो आणि संरक्षण जास्त टिकतं, म्हणजे ताप आला म्हणून लस वाईट असं काही नसतं. गोवराच्या लशीचा ताप उशिरा येतो, आठवडा-दहा दिवसांनी, कधी बारीक पुरळही, आणि तोवर आपण लस विसरून गेलेलो असतो म्हणून घाबरायला होतं. क्वचित, साधारण 3-4 हजारांत एखाद्या मुलाला त्या तापात झटका येतो, बघायला भयंकर पण पुढे त्याचा परिणाम राहत नाही, तरी दवाखान्यात न्यायचंच. बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लशीचं, अजून वेगळं, काही आठवड्यांनी फोड येतो, त्यात पू होतो, खपली धरते आणि बारीक खूण राहते. त्याला काही लावायचं नाही, दाबायचं नाही.

मोठीच्या वेळी मी निघायच्या आधीच पॅरासिटामॉल पाजलं होतं, ताप येऊच नये म्हणून. ते बरोबर नाही हे नंतर कळलं. 2009 मध्ये एक अभ्यास आला होता त्यात असं आधीच औषध दिलेल्या बाळांमध्ये काही लशींच्या अँटीबॉडी कमी बनलेल्या दिसल्या. ताप आला, बाळ बेचैन आहे, तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला डोस द्या, आधीपासून नको (मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, त्यावरची एक लस याला अपवाद आहे, तिथे तुम्हाला आधीच द्यायला सांगतील). ॲस्पिरिन मुलांना नाहीच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप, तीन तासांपेक्षा जास्त न थांबणारं रडणं, बाळ लुळं पडणं, श्वासाला त्रास, तोंडावर सूज, झटका, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही.

साधी सर्दी, बारीक खोकला, दात येतायत, अँटिबायोटिक चालू आहे, यातल्या कशानेही डोस पुढे ढकलायची गरज नसते. जोराचा ताप असेल, मूल खरंच आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबा, आणि आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी असेल तर ते जाताच सांगा.

आणि डोस राहिलाच असेल तर? खूप जण एवढ्याच भीतीने जात नाहीत की आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल, ओरडा बसेल. पहिल्यापासून करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथूनच पुढे, कारण स्मृतीपेशी काही तारखेला मरत नाहीत, अंतर जास्त झाल्याने आधीचा डोस फुकट जात नाही. नुकसान होतं ते एवढंच की मधले सगळे दिवस मूल अर्धवट संरक्षणावर होतं. जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरचे थेंब मात्र बऱ्याच ठिकाणी ठरावीक वयानंतर सुरूच करत नाहीत, तेवढी तारीख जपा.

कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा, आमचं कार्ड आजीच्या फोनमधूनच दोनदा मिळालंय. निघताना सिस्टरने धाकट्याच्या कार्डावर गोवराच्या डोसाची तारीख लिहून दिली, अजून बरेच महिने आहेत त्याला. मोठीने ती बोट ठेवून वाचली आणि विचारलं, तोपर्यंत माझं चालेल ना त्याला? म्हटलं, चालेल.